दीपगृहवाल्याचा नंबर

"पूलवाला चौथा? तुमचे कान त्या मशीनच्या खडखडाटानं कामातून गेलेत," बायको उशीला टेकल्या टेकल्या म्हणाली.

"कान गेले असतील, अक्कल शाबूत आहे," ऑपरेटर म्हणाले. "चौथा म्हणजे चौथा."

भाची पलंगाच्या कडेवर बसून हसत होती. मामीला बघायला ती दुपारची आली होती आणि येताना मास्तरांचे सगळे सिनेमे फोनमध्ये भरून घेऊन आली होती. मास्तर म्हणजे सिनेमाला संगीत देणारे एक थोर गृहस्थ. या घरातल्या कोणीही त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण घरातल्यासारखाच त्यांचा उद्धार रोज जेवताना व्हायचा. ऑपरेटरांची उभी हयात थिएटरच्या केबिनमध्ये रिळं चढवण्यात गेली. गाण्यांवरून भांडायला सगळं गाव होतं. हे नवराबायको भांडायचे ते प्रसंगांमागे वाजणाऱ्या संगीतावरून, कुठल्या सिनेमाचं पहिल्या नंबराचं आणि कुठल्याचं शेवटच्या. सिनेमांची खरी नावंसुद्धा घेत नसत. केबिनमधली नावंच घरात चालायची. पूलवाला, वकीलवाला, दीपगृहवाला.

डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ तिघांनाही कळला होता, म्हणूनच तिघं हिरिरीनं सिनेमांबद्दल बोलत होते.

"बरं मामी, पहिला नंबर?"

"दीपगृहवाला."

"आणि मामा, शेवटचा?"

"दीपगृहवाला," ऑपरेटर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

हे भाचीला लहानपणापासून पाठ होतं. "त्याच सिनेमाला मामा झोपला होता ना! हॉलमधला आवाज गेला, लोकांनी शिट्ट्या मारून थिएटर डोक्यावर घेतलं, मॅनेजर धावत वर आला, आणि ऑपरेटरसाहेबांना पत्ताच नाही!"

या गोष्टीला मामी नेहमी सगळ्यांच्या आधी हसायची. आज ती हसली नाही.

"अहो, एक विचारू? रागावू नका. आता मी फार दिवस काही भांडायची नाही तुमच्याशी."

"विचार की."

"त्यात एवढं काय वाईट होतं हो? मी तुम्हाला सांगितलं होतं, तुमच्याकडे लागला की ते व्हायोलिन नीट ऐका म्हणून..."

भाची दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. गोष्ट तिच्या जन्माच्याही आधीची. मामीला सातवा महिना होता, तेव्हा मामी नणंदेबरोबर मोठ्या थिएटरात तो सिनेमा बघून आली होती. सिनेमात दीपगृहाचा दिवा लागतो आणि एकटं व्हायोलिन सुरू होतं. सिनेमात ते जेव्हा जेव्हा वाजलं, तेव्हा पोटातलं बाळ उसळलं. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला हे दहादा सांगितलं होतं. पुढे बाळ जन्मलं ते न रडताच. त्याच आठवड्यात तो सिनेमा ऑपरेटरांच्या थिएटरला लागला. बदली माणूस मिळाला नाही म्हणून ते बाळ गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर गेले. त्यानंतर या घरात बाळाचा विषय निघाला नाही, नंबरांचाच निघत राहिला.

"तुम्ही त्याला शेवटचा नंबर दिलात की मला दर वेळी वाटायचं, तुम्ही विसरलात," ती म्हणाली. "सगळंच विसरलात."

ऑपरेटर उठले. पायाशी नीटच असलेली चादर त्यांनी पुन्हा नीट केली.

"मी झोपलो नव्हतो," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी. झोपलो नव्हतो मी. केबिनमधला स्पीकर मीच बंद ठेवला होता, सिनेमा उतरेपर्यंत. पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की रीळ बदलायचं, बस. ते व्हायोलिन दिव्याशिवाय आणखी कुठे कुठे येतं ते मला कुठे ठाऊक होतं? म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत बंद. खाली आवाज गेला ते मशीनच्या खडखडाटात मला कळणार कसं?"

"म्हणजे तुम्ही ऐकलंच नाही?"

"अजूनपर्यंत नाही."

"आणि जन्मभर भांडलात माझ्याशी?"

"शेवटचा म्हटलं की तू चिडायचीस. मग विषय तिथेच मिटायचा. कोणी तो सिनेमा लावत नसे."

ती रडू लागली. आवाज काढून रडण्याइतकीही ताकद अंगात उरली नव्हती, नुसतंच पाणी कानांपर्यंत वाहत होतं. एकाच बाळासाठी दोघं इतकी वर्षं वेगवेगळे रडत आले होते आणि मध्ये बिचाऱ्या मास्तरांना उभं केलं होतं. एकदा, फक्त एकदा कोणी बोललं असतं तर! आता बोलायला वेळ मिळाला होता तो असा.

"लाव गं तो, दिवा लागतो तिथून," ती भाचीला म्हणाली.

ऑपरेटर दाराकडे वळले.

"अहो, बसा इथे."

ते बसले. फोनमधून आधी समुद्राची गाज आली, मग कुणाची तरी पावलं वाजली. ऑपरेटर मान खाली घालून, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ऐकत होते. व्हायोलिन सुरू झालं तसा तिनं त्यांचा हात धरला आणि चादरीखाली आपल्या पोटावर, डाव्या बाजूला ठेवला. आजारानं तिथे नुसता खळगा राहिला होता.

"इथे," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. भाचीनं तोंड फिरवलं.

व्हायोलिन थोडाच वेळ होतं. ते संपलं, पुन्हा समुद्र सुरू झाला, पण त्यांनी हात काढला नाही.