पुलावरचा वीबे

१९७४ सालचा ऑक्टोबर महिना. हॉलंडच्या फ्रीसलंड प्रांतातल्या आल्डझाइल गावात रविवारी सकाळी, चर्चची घंटा व्हायला वीस मिनिटं असताना, दाउत्सन आपल्या धाकट्या बहिणीच्या दारात उभी होती. एका पायात लाकडी बूट आणि दुसऱ्या पायात ओलाचिंब मोजा.

“बाउक्ये, तुझ्या लाडक्यानं माझा बूट पळवला.”

“कशावरून त्यानंच?”

“मग काय पाद्रीबाबांनी नेला? मागच्या दारात जोडी काढून ठेवली, आत जाऊन केस विंचरले, बाहेर आले तर एकच! चोर असता तर दोन्ही नेले असते. एक नेणारा गावात एकच आहे.”

दोघी बहिणी शेडच्या मागे गेल्या. तिथे, पालापाचोळ्यावर, अकरा लाकडी बूट ओळीनं मांडले होते. अकरा जोड्यांमधला एकेक. आणि त्यांच्यामागे वीबे बसला होता. नऊ महिन्यांचा, काळ्या-पांढऱ्या केसांचा, पाय आधी वाढलेले आणि अक्कल मागून येणारी. शेपूट जमिनीवर आपटत त्यानं दाउत्सनकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू तिनंच आता त्याची पाठ थोपटावी.

“हा दूधवाल्या म्हाताऱ्याचा,” बाउक्ये एकेक उचलत म्हणाली. “हा शाळामास्तरांचा. आणि हा... अगं बाई, हा पाद्रीबाबांचाच की.”

“छान! म्हणजे आज प्रवचन एका पायावर.”

दाउत्सन आपला बूट घालून तरातरा निघून गेली. बाउक्येनं उरलेले दहा बूट टोपलीत भरले. कुत्र्याला ती रागावली नाही, कारण दोष कुणाचा हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बाउक्येचं घर पुलाला लागून होतं, आणि घर मिळालं होतं ते पुलामुळेच. तिचा नवरा रिन्से पुलाचा राखणदार होता. तो अचानक गेल्यावर पालिकेनं ते काम तिला दिलं. एप्रिल ते ऑक्टोबर कालव्यातून बोटी यायच्या. बोट दिसली की रस्त्यावरची फाटकं लावायची, साखळी ओढून पूल वर करायचा आणि बोट खालून सरकताना, गळाच्या काठीला दोरीनं बांधलेला एक लाकडी बूट नावाड्यासमोर सोडायचा. नावाडी त्यात पुलाचे पैसे टाकी. मग काठी वर घ्यायची, हात हलवायचा, पूल खाली. तिच्या सासऱ्याच्या काळापासून हे असंच चाललं होतं. काठीला बूटच का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरात बोटी कमी झाल्या, तेव्हा तिनं वीबेला वस्तू आणायला शिकवायचं ठरवलं. रिन्से गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतं. या पोराला काही शिकवावं, तेवढीच करमणूक. फेकायला हाताशी काय होतं, तर काठीचा जुना, चिरलेला बूट. तो फेकायचा आणि त्यानं आणला की लवंगा घातलेल्या चीजचा तुकडा द्यायचा. वीबे तीन दिवसांत शिकला. तिला इतका अभिमान वाटला, की बेकरीत उभं राहून तिनं ते सगळ्या गावाला सांगितलं.

गावालाही मग लवकरच कळलं. पण खरा घोटाळा झाला तो ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. एक शहरी गृहस्थ चकचकीत वार्निश केलेल्या बोटीतून आले. तोंडात पाइप, गळ्यात रेशमी रुमाल. बाउक्येनं बूट खाली सोडला, त्यांनी पैसे टाकायला हात पुढे केला, आणि त्याच क्षणी पुलाच्या कठड्यावरून वीबे उडाला. बूट त्याच्या तोंडात, तो गृहस्थांच्या छातीवर, गृहस्थ बोटीच्या तळाशी आणि पाइप कालव्यात. वीबे पोहत काठाला आला, बूट बाउक्येच्या पायाशी ठेवला आणि चीजची वाट बघत बसला.

आठवड्याभरात पालिकेचे ओफ्रिंगासाहेब आले. उंच, कोरडे, कोटाची सगळी बटणं लावलेली. त्यांनी खिशातून त्या शहरी गृहस्थांचं तक्रारीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

“बाई, हे वाचायची गरज नाही. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.”

“लहान आहे हो अजून.”

“पत्रात ‘सिंहाएवढा’ असं लिहिलंय.” ते हसले नाहीत. “मी स्पष्ट सांगतो. एक एप्रिलला बोटी सुरू होतात. त्या दिवशी मी स्वतः पुलावर उभा राहीन. कुत्रा ताब्यात असेल तर ठीक. नसेल, तर कुत्रा तरी जाईल नाही तर तुम्हाला पूल तरी सोडावा लागेल.”

“आणि पूल सोडला तर घर?”

“घर पुलाचं आहे, बाई.”

त्या रात्री बाउक्येनं आपल्या ताटातला अर्धा बटाटा वीबेला दिला आणि मग आठवलं, की हेही करायचं नसतं.

चीजच्या कारखान्यामागच्या कुरणावर शनिवारी सकाळी नऊला कुत्र्यांची शिकवणी भरायची. शिकवायचा डुर्क हेटेमा, कारखान्यातला निवृत्त मुकादम. आवाज भोंग्यासारखा, पण तो माणसांवर चढवायचा. कुत्र्यांशी बोलताना अगदी हळू. पहिल्या शनिवारी वीबेनं बाउक्येला दोरीसकट पोटावर ओढत अर्धं कुरण पार केलं. ती उठली तेव्हा हनुवटीपर्यंत चिखल.

“पोहणं झालं असेल तर सुरू करू,” डुर्क म्हणाला. “काय काय येतं याला?”

“आणायला येतं.”

“काय आणायला?”

बाउक्येनं खालच्या आवाजात सांगितलं. डुर्कनं आधी ऐकून घेतलं. मग तो कुंपणाला धरून वाकला, मग सरळ गवतात बसला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

“अहो बाउक्येबाई! या गावात राहून तुम्ही बूट आणायला शिकवलंत? जिथं प्रत्येक दारात चार बूट ठेवलेले असतात?”

“हसा. घर माझं जाणार आहे.”

डुर्कचं हसू थांबलं. तिनं ओफ्रिंगासाहेबांचं सगळं सांगितलं. तो उठला, विजारीचं गवत झाडलं आणि वीबेच्या समोर उकिडवा बसला.

“हे बघा, यानं गुन्हा केलेला नाही. तुम्ही काम दिलंत, तो काम करतोय, तेही सुट्टी न घेता. नुसतं ‘नको, नको’ म्हणत राहिलात तर याला काय कळणार? दुसरं काम द्या. घरात जुनी चटई आहे?”

“दाराशी आहे.”

“मग आजपासून याचं काम चटई. चटईवर पडून राहायचं. त्याचा पगार बूट आणण्यापेक्षा जास्त द्या. आणि एक गोष्ट नीट ऐका. चटईवरून उठायचं केव्हा, ते तुम्ही सांगायचं. ‘जा’ म्हणायचं, मोकळं करायचं. खाली बसवणं हे निम्मं काम झालं. मोकळं करायला विसरलात, तर तो दोन गोष्टी शिकेल: एक तर तुमचं ऐकू नये, नाहीतर...” तो थांबला.

“नाहीतर?”

“दुसरी त्याहून वाईट. आधी पहिली तर टाळू.”

तो हिवाळा बाउक्येनं चटईवर काढला. आधी एक श्वासभर, मग दहा आकडे मोजेपर्यंत, मग कॉफी गाळून होईपर्यंत. नाताळपर्यंत वीबे दूर जमिनीवर पडलेला बूट पाहून नुसता कण्हायचा, उठायचा नाही. जानेवारीत काठीला टांगलेला बूट आला आणि सगळी मेहनत पाण्यात गेली, अक्षरशः. तेव्हा गाव मदतीला धावलं. त्यात माया किती आणि आपापल्या बुटांची काळजी किती, ते सांगता येणार नाही. दूधवाला जाता-येता मुद्दाम पुलावर बूट वाजवायचा. पाद्रीबाबा चटईशेजारून शांतपणे चालत जायचे आणि पलीकडे गेल्यावर पळायचे.

सगळ्यात मोठं काम दाउत्सननं केलं. मार्चमध्ये थंडी ओसरल्यावर ती जुन्या वल्ह्याच्या होडीत बसून पुलाखाली यायची. डोक्यावर नवऱ्याची खलाशी टोपी, हातात बटणांची पिशवी, पैशांऐवजी बटणं.

“ए पूलवाली!” ती खालून ओरडायची. “झोपलीस का? माझं जहाज इथं सडतंय!”

“नीट बोला, कप्तान!”

“बूट सोड लवकर. आणि तुझ्या त्या सिंहाला सांग, आज मी नवा कोट घातलाय.”

पहिल्या दिवशी सिंह कोटावर पडला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी तो चटईच्या कडेपर्यंत सरकला, तिथे थांबला, आणि असा रडला की रस्त्यावरची एक बाई सायकलवरून उतरली. पण उठला नाही. दाउत्सननं बटण टाकलं, बूट वर गेला, बाउक्येनं पूल खाली घेतला आणि ती म्हणाली, “जा!” वीबे सुटला तो तडक होडीत, दाउत्सनच्या मांडीवर.

“अगं, हे आता बरोबर की चूक?” दाउत्सन त्याच्याखालून ओरडली.

“बरोबर! ‘जा’ म्हटल्यावर चालतं!”

“मग जरा घरी जा म्हण ना!”

एक एप्रिल उजाडला तो वाऱ्याचा आणि करड्या ढगांचा. ओफ्रिंगासाहेब आठला हजर. कठड्याजवळ उभे, डोक्यावर हॅट, हातात वही. बाउक्येनं साखळीशेजारी चटई टाकली. वीबे पडला. तिनं साखळी इतकी जपून ओढली, की पूल नेहमीपेक्षा सावकाश वर गेला.

पहिली बोट गेली. बूट वीबेच्या नाकासमोरून खाली गेला, वर आला. त्याच्या अंगावर शहारा आला, बस्स. दुसरी बोट गेली. तिसरीत एक लालबुंद गालांचा नावाडी होता, त्याला थट्टा सुचली. बूट हातात धरून तो वीबेकडे हलवू लागला, “घे, घे! ये ना रे!”

बाउक्येला वाटलं, आता संपलं. आपलं घर या लाल गालांच्या माणसानं हिसकावलं.

वीबेनं मान वळवली. मुद्दाम, पूर्ण, पलीकडच्या शेताकडे. तोंडातून लाळेची तार लोंबत होती, पण डोळे त्यानं शेतावरच ठेवले.

नावाड्याचा हात खाली आला. “माफ कर, गड्या,” तो म्हणाला आणि त्यानं पैसे टाकले.

ओफ्रिंगासाहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. “बाई, कागदावर सही करावी लागेल. आत कॉफी मिळेल का? गारठलोय.”

बाउक्येचे पाय जमिनीवर ठरेनात. तिनं कॉफी केली, बिस्किटांचा डबा काढला, सही केली. घर राहिलं होतं, कुत्रा राहिला होता. साहेबांनी कोटाचं वरचं बटण काढलं आणि रिन्सेच्या आठवणी सांगू लागले. एकदा कसं त्यानं पूल वर असतानाच पालिकेच्या अध्यक्षांना बारा मिनिटं थांबवलं होतं. तिनं हे कधी ऐकलंच नव्हतं. तिनं दुसरा पेला भरला. बाहेर गारा पडून गेल्या, खिडकीवर वाजल्या. तिला भान नव्हतं.

दार उघडून दाउत्सन आत आली. “काय गं, जिंकलीस ना? मग पोराला बाहेर का ठेवलंयस?”

बाउक्येच्या हातातला पेला बशीवर आपटला.

वीबे चटईवर होता. पाऊण तास. पाठीवर, डोक्यावर, पापण्यांवर गारांचा पांढरा थर, अंग कुडकुडत होतं. पुढचे पाय तिनं सांगितले होते तिथेच होते. त्यानं कालव्याकडे पाहिलं नाही, रस्त्याकडे पाहिलं नाही. तो दाराकडे बघत होता.

डुर्कनं न सांगितलेली दुसरी गोष्ट तिला तेव्हा कळली: आपण विसरलो, तरी तो वाट बघतच राहायला शिकतो. सकाळपर्यंत जो उनाड होता, त्याच्या चेहऱ्यावर आता एखाद्या वयस्क माणसाचा धीर होता. आपण हे मागितलं होतं, आणि त्यानं ते दिलं होतं. ती ओल्या फळ्यांवर गुडघे टेकून बसली. त्याच्या पापण्यांवरच्या गारा ती बोटानं काढू लागली.

“बाई,” मागून ओफ्रिंगासाहेब हळूच म्हणाले. त्यांनी हॅट काढून हातात धरली होती. “त्याला सोडा आता.”

“जा,” ती म्हणाली. “जा रे बाळा, जा.”

वीबे लगेच गेला नाही. आधी उठून आला, तिच्या मानेत डोकं खुपसलं, क्षणभर तसाच राहिला. मग अंग झाडून सगळ्यांवर गारा उडवल्या, पुलावरून तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्या फेरीत ओफ्रिंगासाहेबांच्या हातातली हॅट घेऊन तो शेताकडे पसार झाला.

दाउत्सननं तोंडावर हात ठेवला. ओफ्रिंगासाहेबांनी रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग वहीकडे, मग वही बंद करून खिशात घातली.

“माझी तपासणी,” ते म्हणाले, “मघाशीच संपली होती.”

पुढे ओफ्रिंगासाहेब बदली होऊन ल्यूवार्डन शहरात गेले. दर वर्षी एप्रिलात त्यांचं पोस्टकार्ड यायचं, पत्ता ‘वीबे, पुलाशेजारी’ असा. डुर्क हेटेमा १९८१ मध्ये वारला. कारखानाही बंद पडला, पण त्यामागच्या कुरणावर शनिवारची शिकवणी अजून भरते. दाउत्सन एक्क्याण्णव वर्षं जगली आणि तो कुत्रा आपणच शिकवला, असं शेवटपर्यंत सांगत राहिली. पाइप गमावलेले शहरी गृहस्थ पुढच्याच उन्हाळ्यात परत आले, आणि मग दर उन्हाळ्यात येत राहिले. बाउक्येनं १९८८ पर्यंत पूल सांभाळला. नंतर तो बटणावर चालू लागला.

वीबे गेला तो १९८६ च्या ऑक्टोबरात, त्या वर्षीची शेवटची बोट जाऊन चार दिवस झाले होते. पुढच्या वसंतात पहिली बोट आली, ती त्या लाल गालांच्या नावाड्याची. गाल आता तितके लाल राहिले नव्हते. पुलाखाली येताच त्यानं वर पाहिलं, बाउक्येच्या शेजारची मोकळी जागा पाहिली. टोपी काढली आणि बोट वळणाआड जाईपर्यंत ती छातीशी धरून ठेवली.

बाउक्ये बघत राहिली. पूल वरच राहिला. पलीकडे तीन मोटारी आणि दुधाची गाडी थांबली होती. कुणीही भोंगा वाजवला नाही.