चपलांची रांग

रांगेतल्या एका चपलेचा पट्टा कापलेला होता. तुटलेला नव्हे, कडा सरळ होती, सुरीने कापल्यासारखी. डॉक्टर वेदिकाने ती दारातून पाहिली आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

या आरोग्य केंद्रात माणसं रांग लावत नसत, चपला लावत. ओसरीवर चप्पल ठेवायची आणि मागे फणसाच्या सावलीत जाऊन बसायचं. आपली चप्पल दाराशी आली की उठायचं.

निम्मी माणसं नेहमीच्या प्रेशर-शुगरच्या गोळ्या न्यायला यायची. ज्ञानेश्वरी सिस्टर कधीच्या सांगत होत्या, "मॅडम, मी ओसरीवर टेबल टाकते. आल्या आल्या प्रत्येकाला मी बघते. गोळ्यांवाल्यांना रावजी तिथूनच औषध देतील, आशाताई घरी जाऊन विचारपूस करतील. अडलेले तेवढे तुमच्याकडे."

"बघू," वेदिका म्हणायची. लोक रुसतील, हे कारण ती बोलून दाखवायची. सिस्टरांच्या नजरेतून काही सुटलं तर जाब तिलाच द्यावा लागेल, हे मात्र मनातच ठेवायची.

दुपारी ती चप्पल दाराशी आली. माणूस आला नाही.

"कुणाची ओ ही?" औषधांच्या खिडकीतून रावजींनी विचारलं.

"हरिश्चंद्राची. निजलाय तो," फणसाखालून कोणीतरी म्हणालं. वेदिका उठून तिकडे गेली.

तो निजलेला नव्हता, तापाने ग्लानीत होता. वेदिकाने पायाचं फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता, सूज घोट्याच्या वर चढली होती.

"पाय चपलेत शिरंना, म्हणून मीच पट्टा कापला," त्याची बायको सावित्री म्हणाली.

"मावशी, सकाळीच आत का नाही आलात?"

"नंबर नव्हता ना. पुढची म्हणाली असती, हिलाच मोठी घाई!"

रुग्णवाहिका आली. चढताना सावित्रीने विचारलं, "पाय राहील ना ओ?" वेदिकाने तिला हात देऊन आत चढवलं. गाडी हातखंब्याच्या दिशेने, मोठ्या इस्पितळाकडे गेली.

"मी दोनदा ओलांडली ती चप्पल," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"मी तर थांबून पाहिली होती."

ओसरीवरून लवूआजोबा ओरडले, "डॉक्टरीणबाय, आमचं काय? छातीला नळी लावल्याबिगर मी हलायचा नाय हां!" दोघंतिघं हसले.

कापलेली चप्पल तिथेच राहिली होती. वेदिकाने ती उचलली.

"आजोबा, उद्यापासून चपला लावायच्या नाहीत. आल्या आल्या माणसाने स्वतः सिस्टरांसमोर बसायचं. माझ्याकडे कोणी यायचं, ते त्या ठरवतील. आणि त्यांनी ठरवलं म्हणजे मीच ठरवलं."