तीन ओळींचा लेख

शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून टेस्सा दोराची गाठ दातांनी ओढत होती आणि खाली लाइल ब्रँट दोन्ही हातांनी शिडी धरून उभा होता. सहा फूट दोन इंच उंचीच्या मुलीला शिडी कशाला लागावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण तिच्या आजोबांनी दोराचं टोक पार वरच्या तुळईला बांधलं होतं, तेही ट्रॅक्टरच्या टपावर चढून.

"कात्री आणू का?" त्याने विचारलं.

"नको. आजोबांची गाठ आहे. सोडवायची, कापायची नाही."

शेडमध्ये डिझेलचा आणि जुन्या मक्याचा वास कोंडला होता. तिच्या काकाने नवीन हार्वेस्टर घेतला होता आणि तो ठेवायला जागा हवी, म्हणून दोर निघत होता. शेडच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेला हा दोर म्हणजेच टेस्साचं व्हॉलीबॉलचं पहिलं नेट. साडेतीन वर्षांपूर्वी लाइलने त्याच्यावर असं काही लिहिलं होतं, की लोक गाड्या काढून त्याचे फोटो घ्यायला येत. आज तो काढताना बघायला एकटा लाइलच होता.

लाइल राज्य विद्यापीठाच्या खेळांवर चालणाऱ्या एका वेबसाइटसाठी लिहायचा. शाळेतली कुठली मुलगी, कुठला मुलगा कोणत्या कॉलेजकडून खेळणार, हे त्या मुलांना स्वतःला कळायच्या आत वाचकांना सांगायचं, हे त्याचं काम. त्याच्याआधी वीस वर्षं त्याने कोर्टाच्या बातम्या दिल्या होत्या, आणि खुनाच्या खटल्यातही माणसं इतकी खोटं बोलत नाहीत, असं तो म्हणायचा. बावन्नाव्या वर्षी रोज सकाळी उठून सतरा वर्षांच्या पोरांना 'काय ठरलं?' असं विचारायचं, उत्तरादाखल मेसेजमध्ये नुसता अंगठा आला की त्या अंगठ्यावर चारशे शब्द लिहायचे. मुलीला गुणवान खेळाडूंच्या यादीत पाचवीऐवजी नववी टाकली की बाप फोन करून आईबहिणीचा उद्धार करणार. अंदाज चुकला की वेबसाइटवर नाव लपवून बसलेले वाचक अक्कल काढणार, आणि बरोबर आला तर ते सगळ्यांना आधीच माहीत होतं म्हणणार. "स्वतःच्या मुलाला तू आठवड्यातून एकदा फोन करत नाहीस," असं त्याची बायको एकदा म्हणाली होती.

"बातमीचा वास लागला वाटतं?" दारातून आवाज आला. टेस्साची आई, डॅरला, हातात ताटली घेऊन उभी होती. जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे होते, ओव्हनमधून नुकतेच काढलेले. "हरली तरी हजर, जिंकली तरी हजर. पगार तरी बरा देतात का रे तुला?"

"तिनेच बोलावलंय मला," लाइल म्हणाला.

"हो का? मग खा." तिने ताटली ट्रॅक्टरच्या चाकावर ठेवली आणि लेकीकडे वर बघून म्हणाली, "पडू नकोस. आता तुझा विमा कॉलेज भरत नाही."

ती गेली. कोलाचे घ्यायला लाइलचा हात काही उठेना. या घरातलं खाणं तो टाळत असे, त्याला आता तीन वर्षं होऊन गेली होती.

तेव्हाची गोष्ट अशी. नोव्हेंबरमध्ये शाळेच्या जिममध्ये टेबल मांडलं होतं. टेबलावर दोन टोप्या होत्या, एक राज्य विद्यापीठाची लाल आणि एक हॉलिस कॉलेजची हिरवी. राज्य विद्यापीठ म्हणजे आठ हजार प्रेक्षक आणि टीव्ही. हॉलिस म्हणजे इथून चाळीस मिनिटांवरचं छोटं कॉलेज, जिथे ती पहिल्या दिवसापासून खेळली असती. टेस्साने यातली एक टोपी सगळ्यांसमोर डोक्यावर ठेवायची होती. शाळेचा बँड आला होता, केक आला होता, अर्धा गाव बाकांवर बसला होता. आणि समारंभाला तासभर उरला असताना टेस्साने लाइलला बॉल ठेवायच्या खोलीत बोलावून घेतलं.

"तुम्ही लोक दोन्ही लेख आधीच लिहून ठेवता म्हणे," ती म्हणाली. "ही टोपी घातली तर हा, ती घातली तर तो."

"ठेवतो. टोपी घातल्यावर मिनिटाभरात लेख टाकावा लागतो."

"मग दोन्ही वाचून दाखवा ना. माझं ठरतच नाहीये, मिस्टर ब्रँट. आई म्हणते तुझं तू ठरव. सगळे तेच म्हणतात."

बॉलच्या जाळीला टेकून त्याने पहिला लेख वाचला. लाल टोपीचा. त्यात आजोबा होते, दोर होता, हिवाळ्यात शेडमध्ये लावलेला रॉकेलचा हीटर होता आणि रेडिओवर राज्य विद्यापीठाची मॅच ऐकता ऐकता दोरावरून बॉल मारणारी नऊ वर्षांची पोर होती. लेख चांगला होता, हे त्याला माहीत होतं. आजोबांच्या शेवटच्या दिवसांपाशी आल्यावर टेस्साने बाहीने डोळे पुसले.

"आता दुसरा."

दुसरा त्याने वाचला. "'टेस्सा कुचेरा हिने हॉलिस कॉलेजची निवड केली आहे. जोन ओडेगार्ड तिथे बावीस वर्षं प्रशिक्षक आहेत. बाकी नंतर.'" ते 'बाकी नंतर' स्वतःसाठी लिहिलेलं होतं, पण वाचण्याच्या भरात तेही वाचून गेलं.

"एवढाच?"

वेबसाइटचे वाचक राज्य विद्यापीठाचे. मुलगी दुसरीकडे गेली तर तिचं कौतुक वाचायला कोणी पैसे भरत नाही, म्हणून एवढाच. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. त्यात अवघड काही नव्हतं. पण वाचकांसारखंच लाइललाही ती लालच टोपी हवी होती, आणि तो म्हणाला,

"तिथलं लिहिण्यासारखं फारसं काही सापडलं नाही गं."

टेस्सा मान हलवून बाहेर गेली. तासाभराने तिने लाल टोपी उचलली, बँड वाजला, आणि चाळिसाव्या सेकंदाला लाइलचा लेख वेबसाइटवर होता. त्या वर्षी त्यांच्याकडे सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तोच.

पुढचं सगळं लाइलनेच बातमी म्हणून लिहिलं होतं. कुचेरांच्या स्वयंपाकघरात बसून दोनदा जेवून गेलेले राज्य विद्यापीठाचे प्रशिक्षक जानेवारीत दुसऱ्या राज्यात निघून गेले. नव्या बाईंनी इकडून तिकडून तयार खेळाडू आणल्या. टेस्सा तीन मोसम बाकावर बसली, टाळ्या वाजवत. आणि या मे महिन्यात तिला सांगण्यात आलं, की शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळणार नाही, तिने दुसरं कॉलेज बघितलेलं बरं.

गाठ सुटली. दोराचं टोक धपकन खाली पडलं आणि धूळ उडाली. टेस्सा उतरली, शिडी उचलून समोरच्या भिंतीला लावली आणि पुन्हा चढली. लाइल मागोमाग गेला आणि शिडी धरून उभा राहिला. रस्ताभर घोकत आणलेलं वाक्य त्याने आता काढलं.

"हॉलिसला विचारून बघितलंस का? एक वर्ष तर एक वर्ष. ओडेगार्डबाई तुला नाही म्हणणार नाहीत. मी लिहीन, मोठा लेख लिहीन. तू म्हणत असशील तर आत्ता फोन लावतो."

"मागच्या आठवड्यात लावला मी. जागा एप्रिलमध्येच भरली. वाईट वाटलं तिला." टेस्सा गाठीत बोट खुपसत होती. "मी खेळणं सोडतेय. पदवी पूर्ण करीन आणि गावात धान्याच्या सोसायटीत लागेन. काकाने बोलून ठेवलंय."

चाळीस मैल लाइल या आशेवर आला होता, की हॉलिसचं जमेल आणि आपली सुटका होईल. स्वतःच्या सुटकेचा विचार आधी आला, याची त्याला लाज वाटली.

"मग लिहायचं काय?" त्याने विचारलं. "मला कशाला बोलावलंस?"

"शिडी धरायला."

ती हसली, मग हसायची थांबली.

"तो दुसरा लेख आहे का अजून तुमच्याकडे?"

होता. त्याने तो कधी पुसला नव्हता. एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने त्याने फोन काढला.

"वाचा ना."

"'टेस्सा कुचेरा हिने हॉलिस कॉलेजची निवड केली आहे,'" त्याने वाचलं. "'जोन ओडेगार्ड तिथे बावीस वर्षं प्रशिक्षक आहेत.'" इथे तो थांबला. मग डोळे फोनवरून न हलवता तसाच पुढे वाचू लागला. "'घरापासून चाळीस मिनिटांवर असल्यामुळे टेस्साची आई प्रत्येक मॅचला येऊ शकेल. काका कापणी सोडून येईल. आजोबांच्या शेडमधून निघालेली ही मुलगी फार लांब गेली नाही, आणि तिला जायचंही नव्हतं. हॉलिसमध्ये तिचं नाव सगळ्यांना माहीत असेल, जेवण वाढणाऱ्या बायकांनासुद्धा...'"

"मिस्टर ब्रँट," टेस्सा वरून म्हणाली, "तुमचा फोन केव्हाच बंद झालाय. काळा दिसतोय इथून."

त्याचे कान तापले. त्याने फोन खाली केला.

"पुढे वाचा," ती म्हणाली.

"'हॉलिसच्या जिममध्ये,'" त्याने सुरुवात केली. "'हॉलिसच्या जिममध्ये...'" पुढे शब्दच नव्हता. त्या जिमला दारं किती, छप्पर कसलं, काही म्हणजे काही त्याला माहीत नव्हतं.

"मी तिथे कधी गेलोच नाही, टेस्सा. एक फोनसुद्धा केला नव्हता. लिहिण्यासारखं काही सापडलं नाही म्हणालो, ते खोटं होतं. मी शोधलंच नव्हतं."

शेडच्या पत्र्यावर एक पक्षी पाय घासत चालला होता. टेस्साने गाठीतलं बोट काढलं.

"माहितीये," ती म्हणाली. "जोननेच सांगितलं त्या फोनवर. तुमचा फोन कधी आलाच नव्हता म्हणाली. मी तिला म्हटलं होतं, मिस्टर ब्रँटना तुमच्याकडे लिहिण्यासारखं काही मिळालं नाही."

लाइलने फोन खिशात टाकून शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. काहीतरी बोलायला हवं होतं, पण माफ कर म्हणणं त्याला फार स्वस्त वाटलं, आणि त्याहून महाग त्याच्याकडे काही नव्हतं.

टेस्सा शिडीच्या वरच्या पायरीवर बसली. लांबलचक पाय खाली सोडून, पडलेल्या दोराकडे बघत ती सांगू लागली.

"तिथल्या खिडक्या पश्चिमेला आहेत. साडेचारला सराव सुरू झाला की ऊन सरळ डोळ्यांत येतं. पडदे लावायचे तर कॉलेजकडे पैसे नाहीत. जोन म्हणते, उलट बरं, दिसत नसताना बॉल घ्यायला शिकलात की कोणाला घाबरायचं कारण नाही. मी शाळेत असताना दोन उन्हाळे तिथे शिबिराला जायचे. स्कोअरबोर्डातला सातचा आकडा लागत नाही, म्हणून सात झाले की सगळ्या जणी ओरडून सांगायच्या. बाहेरचा संघ दचकायचा." ती थांबली. "मला तिथे जायचं होतं. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

लाइल शिडीच्या आणखी जवळ सरकला.

"लिहा ना," ती म्हणाली. "बाकी नंतर, असं लिहिलं होतंत तुम्ही."

लाइलने खिशातून वही काढली. शिडीला खांद्याचा टेकू देऊन त्याने पेनाचं टोपण काढलं. आजवर त्याने या मुलीला शेकडो प्रश्न पाठवले होते, सगळे एकच: 'काय ठरलं?'

"खिडक्या किती आहेत?" त्याने विचारलं.

"नऊ," टेस्सा म्हणाली, आणि तो लिहीपर्यंत थांबली.