गावकीची अर्धी घोंगडी

मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. माझा दुसरा तुकडा कुठे आहे ते मला ठाऊक नाही, पण त्याच्या आठवणीवाचून माझा एक दिवस जात नाही.

निजामाच्या राज्यात, धारूरच्या डोंगराखालच्या एका गावात माझा जन्म झाला. मेंढरंवाल्यांनी लोकर दिली, बाकीच्यांनी विणायच्या मजुरीपोटी ज्वारी. धुळाजी धनगराने पट्ट्या विणल्या, त्याच्या बायकोने, कडूबाईने, त्या जोडल्या. चावडीवर मला अंथरलं की सारा गाव मावायचा. म्हातारे पाटील धुळाजीच्या मांडीला मांडी लावून बसायचे. किती भांडणं माझ्यावर बसून मिटली! लग्नाला लोक मला मागून न्यायचे, तेव्हा तर मी फुलून जायची.

पुढे म्हातारे पाटील वारले. मोहनराव आणि सुग्रीव या त्यांच्या दोन्ही मुलांना पाटीलकी हवी होती. नवा पाटील नेमायला बीडहून तहसीलदार येणार होते. ते ज्याच्या दारात गावकीच्या घोंगडीवर बसतील तोच पाटील, असं गावाने धरून ठेवलं. झालं! भाऊ मला दोन बाजूंनी ओढू लागले आणि गावही दोन बाजूंना उभा राहिला. कालपर्यंत एकमेकांना पानसुपारी देणारे लोक शिव्या घालत होते. शेवटी कुणीतरी विळा आणला.

दोन दारांत दोन तुकडे पाहून तहसीलदार घोड्यावरून उतरलेसुद्धा नाहीत. "थोरला पाटील," एवढं बोलून ते निघून गेले.

मोहनराव मला अंथरून ऐटीत बसू लागले, पण निम्मा गाव यायचाच नाही. एकदा कडूबाई जाड सुईत दोरा ओवून आली.

"मालक, धाकल्या मालकाकडचा तुकडा आणा. आत्ता जोडून देते."

"मी पाटील हाय. म्या का म्हून जावं? त्यानं आणावा."

ती सुग्रीवकडे जाऊन आली. "त्ये म्हणत्यात, पाटलानं मागाया यावं."

"मग ऱ्हाऊ दे."

कडूबाईने ओवलेली सुई माझ्या काठात टोचून ठेवली. "कवा मन झालं तर शोधाया नगं," ती म्हणाली.

पुढच्याच साली सुग्रीव रागाने गाव सोडून गेला, माझा दुसरा तुकडा घेऊन. कडूबाईही वारली. शेवटच्या दुखण्यात मोहनराव माझा कापलेला काठ चाचपत पडून असायचे. पण आता मागायला जायचं तरी कुठे?

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मानाच्या जागी बसाल. तेव्हा आपल्या माणसाकडे आधी तुम्ही चालत जा. आणि कुठे एका बाजूने कापलेली काळी घोंगडी दिसली, तर तिला माझा एक निरोप द्या. म्हणावं, सुई अजून ओवलेलीच आहे.