काठोकाठ भरलेली वाटी

"किर्गिझ सिनेमाचा इतिहास आजपासून दोन भागांत विभागला जाईल! या चित्रपटाच्या आधीचा आणि नंतरचा!" दिग्दर्शक एर्मेकने बिश्केकच्या थिएटरात जाहीर केलं. माइक बंद होता. मग इतिहास पुन्हा एकदा विभागावा लागला.

मी बुरुलकान आपांच्या शेजारी बसलो होतो. मूळ कादंबरी त्यांची. तिची नायिका अनिपा ही डोंगराळ नारीनकडची बेचाळिशीची गुरांची डॉक्टर. एका आजारी घोडीवरून तिचं मधमाश्या पाळणाऱ्या चिडक्या विधुराशी जुंपतं. कित्येक हिवाळे मनसोक्त भांडल्यावर दोघांच्या लक्षात येतं की हे प्रेम आहे. आमच्याकडे नवऱ्याशी वाजलं की बायका ते पुस्तक काढून बसतात. माझ्या बायकोला तर ते पाठच आहे.

पडद्यावरची अनिपा जेमतेम विशीची होती. घोडीच्या जागी पांढरी मोटार होती आणि विधुराचं दुबईत हॉटेल. पहिल्या गाण्यात ती त्याच्या अंगावर कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, सांडते, दुसऱ्यात तो तिच्या. प्रत्येक विनोदानंतर पडद्यामागूनच कुणीतरी हसत होतं, तेवढे आमचे कष्ट वाचले.

"घोडी कुठाय रे?" आपांनी विचारलं.

"मध्यंतरानंतर येईल कदाचित."

"शहाणी असेल तर नाही येणार."

नंतर एर्मेकच्या घरी जेवण होतं. प्रत्येकाला मानाप्रमाणे मटणाचा वाटा, उरला तर घरी न्यायचा. पैसे लावणारे सातिबाल्दी भलतेच देवभोळे. त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "आपांनी हात पसरून आशीर्वाद दिला तरच दुसरा भाग काढीन." दुसऱ्या भागात अनिपाला तिळं होणार होतं.

आशीर्वाद दिला म्हणजे परवानगी दिली. दुसऱ्याच्या घरचं खाऊन नाही म्हणावं, तर यजमानाच्या थोबाडीत मारल्यासारखं. आणि सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने आशीर्वाद दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी पंगतीतून उठत नाही. म्हणून आपा चहा पीत राहिल्या. पंगत अवघडून बसली.

त्यांना खूश करायला एर्मेकने किटली स्वतःच्या हातात घेतली. आमच्याकडे चहा वाटीतून देतात; मानाच्या पाहुण्याची वाटी अर्धीच भरायची असते, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येतं. काठोकाठ भरली तर अर्थ एकच: आता निघा.

"आणि मग आपा, तिन्ही बाळं एकदम रडतात, तिकडे मोटार सुरूच होत नाही..." एर्मेक रंगात आला होता. चहा काठापर्यंत आला, बशीत उतरला.

सातिबाल्दींचा घास तोंडातच राहिला.

"बरं बाळा, निघते," आपा म्हणाल्या. "हाकलल्यावर कशाला बसू?"

"आपा, चुकून झालं हो! बोलण्याच्या नादात!"

"मुद्दाम केलेलं मघाशी पडद्यावर पाहिलं. त्यापेक्षा हे बरं."

"दुसऱ्या भागात घोडी घेऊ! दोन घेऊ!"

"पुस्तक वाचलंस का रे?"

"आपा, मी ते पुस्तक जगलोय."

"म्हणजे नाही."

आपा उठल्या. यजमानानेच घालवल्यावर त्यांना बोल लावणार कोण? बाकीची पंगत मात्र अडकली ती अडकलीच. दारापाशी पोचून त्या वळल्या. सातिबाल्दींनी आशीर्वाद झेलायला घाईघाईने दोन्ही तळवे पसरून डोळे मिटले. एर्मेकनेही किटली खाली ठेवून तळवे पसरले.

"एर्मेक बाळा," आपा म्हणाल्या, "एक पिशवी दे बघू. माझ्या वाट्याचं मटण राहिलंय."