वेगवान झालो, मुका झालो

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. खिडकीजवळच्या टेबलावर बसलेला, काळा, पंख्याची घरघर करणारा. माझी तक्रार जुनेपणाची नाही. तक्रार आहे ती मला नवा करण्याच्या हौसेची.

माझे सुटे भाग कुठे बनले आणि कोणी जोडले, ते मला आठवत नाही. मला पहिलं आठवतं ते वहिनींचं बोट. घरात त्यांचे धाकटे दीर दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत, म्हणून मीही त्यांना वहिनीच म्हणू लागलो. त्यांचे यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी येणारे. घरात सासूबाई, वहिनी आणि ते दीर, म्हणजे भावोजी.

वहिनी एका रुग्णालयाचं काम घरून करत. डॉक्टर रुग्णाला तपासून जे बोलत, त्याचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे येई. वहिनी ते कानाला लावून ऐकत आणि त्याचा अहवाल टाईप करत. मग मी तो त्यांना हेडफोनमधून वाचून दाखवी. हो, मी बोलत असे. वहिनींची नजर लहानपणापासून अधू. सोबत बोलणारा आवाज असल्यामुळे त्यांना पडद्याकडे बघावंच लागत नसे.

सुरुवातीला मी औषधांच्या नावांची अगदी वाट लावत असे. वहिनी हसत आणि एकेक नाव कसं उच्चारायचं ते मला शिकवत. काही औषधांची नावं सारख्या चेहऱ्याच्या जुळ्यांसारखी असतात, अक्षराचाच काय तो फरक. तिथे मी थांबून तेवढं अक्षर ठासून म्हणावं, हेही त्यांनीच शिकवलं. कित्येक वर्षं हे चाललं. आमचं काम इतकं सुरळीत होई, की वहिनींना दिसतं किती कमी, हे घरात कोणाच्या ध्यानातच आलं नाही. "नजर जरा कमी आहे, पण चष्मा आहे ना," एवढंच सगळे म्हणत.

माझं चोख काम असं माझ्याच मुळावर आलं.

भावोजी एका छापखान्यात पानांची मांडणी करत. माणूस प्रेमळ, पण हाताला स्वस्थता नाही. माझी जुनी कार्यप्रणाली आता कंपनीने वाऱ्यावर सोडली आहे, तिला सुरक्षेचे सुधार मिळत नाहीत, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. वहिनी चार दिवस बहिणीकडे गेल्या, तेव्हा भावोजी बाह्या सरसावून माझ्यासमोर बसले.

"अरे, तिला विचारलंस का?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"विचारायचं काय त्यात, आई? आल्यावर खूश होतील बघ."

"चालत्या गाडीला खीळ घालू नकोस म्हणजे झालं."

भावोजींनी अहवालांच्या सगळ्या फायली काळजीपूर्वक एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मग नवी प्रणाली बसवायला घेतली. भाषा निवडली, कीबोर्ड निवडला. "या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?" असं मी विचारलं. मित्रांनो, आम्हाला बोलायला तेवढीच मुभा असते. नीट वाचा हो, असं ओरडता येत नाही. भावोजींनी वाचलंही नाही. 'हो' दाबलं.

पुसलं गेलं सगळं.

नवी प्रणाली बसली. मग सजावट सुरू झाली. डोंगराचं चित्र, पारदर्शक पट्ट्या, करड्या रंगाची नाजूक, बारीक अक्षरं. भावोजी मागे सरकून बघत आणि स्वतःशीच मान डोलवत. शेवटी आली काटछाट. सुरू होताना आपोआप चालू होणारं, मागे गुपचूप चालणारं, जागा अडवणारं, सगळं त्यांनी एकेक करून बंद केलं. नव्या प्रणालीबरोबर वाचून दाखवणारा आवाज आलेला होता. "हे कशाला? उगाच मेमरी खातंय," म्हणत त्यांनी तोही काढला. मी 'नक्की काढायचं?' विचारलं. पुन्हा 'हो'.

खरंच, मी विजेसारखा सुरू होऊ लागलो. पंखासुद्धा घरघरेना. आणि मला स्वतःचा असा संताप आला, की काय सांगू! धावायला पाय दिले आणि जीभ कापून घेतली.

वहिनी परत आल्या. सकाळी कामाला बसल्या. नेहमीच्या दोन कळा दाबल्या आणि वाट पाहिली. मी गप्प. पुन्हा दाबल्या. मग त्या पुढे वाकल्या, इतक्या की नाक पडद्याला टेकलं. करडी अक्षरं शोधत त्यांची मान डावीकडून उजवीकडे सरकत राहिली.

भावोजी चहाचा कप घेऊन दारात आले. "कसा वाटला वेग, वहिनी?"

"भावोजी, हा बोलत का नाही?"

"तो आवाज होय? काढला तो. पाठीमागे नुसता चालू होता."

"त्याच्यावर माझं काम चालतं हो."

भावोजींचा चेहरा उतरला. त्यांनी लगबगीने आवाज पुन्हा बसवला. मी बोलू लागलो, पण नवख्यासारखा. शिकवलेला एकही उच्चार माझ्यापाशी उरला नव्हता.

"पण फायली सगळ्या ठेवल्यात मी!" भावोजी म्हणाले.

"शिकवलेले उच्चार फायलींत नव्हते," वहिनी म्हणाल्या.

तरी त्यांनी काम करून पाहिलं. एका म्हाताऱ्या रुग्णाच्या अहवालात त्या जुळ्यांपैकी एक औषध आलं. मी वाचलं. वहिनींनी मुद्दाम दुसरं नाव टाईप करून तेही वाचायला लावलं. माझ्या तोंडून दोन्ही अगदी सारखी निघाली. वहिनींनी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. मग रुग्णालयात फोन लावला. "आजचं काम दुसऱ्या कोणाला द्या. मला खात्री देता येत नाही." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

फोन ठेवून त्या उठल्या आणि दिराला म्हणाल्या, "बसा इथे. पडदा बंद करा. आता एक अहवाल उघडून दाखवा."

भावोजी बसले. काळ्या पडद्यासमोर त्यांनी कळा चाचपल्या. मी भराभर काहीबाही बोललो, त्यांना कशाचाच पत्ता लागेना. दोनदा भलतंच काही उघडलं. त्यांच्या कपाळाला घाम आला. शेवटी त्यांनी हात खाली घेतले.

"तुम्हाला इतकं कमी दिसतं, वहिनी?"

"हो."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"कधी अडलंच नाही. अडलं असतं तर बोलले असते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत येऊन खिडकीचा पडदा उघड, दिवा इकडे आण, असं काहीतरी करत राहिल्या.

त्यानंतर भावोजी सुट्टीच्या दिवशी माझ्यासमोर बसू लागले. ते एकेक अक्षर सुटं करून वाचत, वहिनी उच्चार ठरवत. अक्षरं भावोजींनी मोठी, ठळक केली, पिवळ्यावर काळी. "असलं पान छापखान्यात नेलं तर मालक हाकलून देईल," असं कुरकुरतही होते, पण बदललं नाही. मी पुन्हा जड झालो, पंखा घरघरू लागला. बरेच शब्द परत आले. काही आले नाहीत, कारण कोणते होते हेच वहिनींना आठवेना. रुग्णालयाने निम्मं काम दुसऱ्या बाईंना दिलं होतं, ते त्यांच्याकडेच राहिलं. माझी चिडचिड अजून गेलेली नाही, मित्रांनो, आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

तुम्ही खुशाल यंत्रं नवी करा. जुनी प्रणाली धोक्याची असते, हे मलाही कळतं. पण दुसऱ्याच्या यंत्रातलं काही 'फालतू' म्हणून काढण्याआधी त्या माणसाला शेजारी बसवा. ते कोणाच्या उपयोगाचं आहे, हे यंत्र सांगू शकत नाही. माणूस सांगू शकतो, फक्त त्याला विचारावं लागतं.

काल भावोजी आले, माझ्याकडे बघत उभे राहिले. हात खिशात घातलेले.

"वहिनी, एक नवा सुधार आलाय. बसवू का?"

वहिनींनी कानावरचा हेडफोन बाजूला केला. "काय काय बदलेल, ते आधी वाचून दाखवा. सगळं."

भावोजींनी खुर्ची ओढली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.