एका लिटरात छप्पर

दातांच्या डॉक्टरांना सध्या एकच ध्यास लागला होता: सोसायटीतली छपराखालची गाडीची जागा. दुपारी उन्हात तापलेल्या सीटवर बसून ते दवाखान्यात पोचायचे आणि मग रात्रीपर्यंत बसायचं नाव काढत नसत. पेशंट म्हणायचे, "काय डॉक्टर आहेत! दिवसभर उभे!"

अशात सोसायटीचे चेअरमन नळवाले काका यांनी जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात रविवारी सकाळी स्पर्धा. प्रत्येकाला एक लिटर पाणी, वीस मिनिटं. पाइपला हात लावला की बाद. सगळ्यात कमी पाण्यात गाडी लख्ख करेल त्याला छप्पर!"

झालं! सगळ्यांनी महिनाभर गाड्या धुणंच सोडलं. गाडी जितकी मळकी, तितकी कला उठून दिसणार ना! रविवारी अंगणात आठ गाड्या रांगेत लागल्या, तेव्हा रंग सोडा, नंबरही ओळखू येईना. डॉक्टरांच्या शेजारी त्यांच्या मेहुण्याची गाडी. दोघांनी एकाच दिवशी, एकाच रंगाची, जोडीनं घेतलेली.

"दाजी, आज तुमची कवळी काढून घेतो बघा!" मेहुणा ओरडला.

"आधी तोंड बंद कर, मग दात मोज!"

काकांनी शिट्टी फुंकली. डॉक्टर तुटून पडले! आधी टपावर धुक्यासारखा फवारा, मग चौघडी फडकं, एक बाजू मळली की दुसरी. वरून खाली, चाकं शेवटी. एक थेंब जमिनीवर नाही! बारा मिनिटांत गाडी आरशासारखी झाली, बाटलीत अजून पाव लिटर शिल्लक. लोक टाळ्या वाजवायला लागले. डॉक्टरांनी ऐटीत खिशातून किल्ली काढली, दाबली.

शेजारची मळकी गाडी 'टुंई' करून ओरडली.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुणा हाताची घडी घालून उभा होता.

"तू बघत होतास?"

"इतकं मन लावून चाललं होतं दाजी, मधे बोलणं बरं दिसलं नसतं."

"अहो, बघताय काय! आठ मिनिटं आहेत!" गॅलरीतून बायको किंचाळली. सख्ख्या भावाविरुद्ध!

मग काय! डॉक्टरांनी उरलेला फवारा दाढेत औषध भरावं तसा जपून मारला. फडकं संपलं, तेव्हा गळ्यातला रुमाल घेतला. रुमाल संपला, तेव्हा शर्ट काढला. बनियनवर शेवटचं चाक पुसलं आणि शिट्टी वाजली!

मेहुणा छाती काढून पुढे आला. "काका, माझी गाडी चकाचक. पाणी शून्य!"

काकांनी त्याचं फडकं हातात घेतलं. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. "तुझं पाणी शून्य, अन् घामही शून्य. गाडी धुणाऱ्यासाठी छप्पर आहे, धुवून घेणाऱ्यासाठी नाही. डॉक्टर, एका लिटरात दोन गाड्या! घ्या जागा!"

डॉक्टरांनी उघड्या दंडांनी काकांना मिठीच मारली. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा दवाखान्यात बसले. पेशंट घाबरले, "डॉक्टर, बरं आहे ना?"

पुढच्या रविवारी पहाटे डॉक्टर बाटली घेऊन खाली उतरले, तर मेहुणा उकिडवा बसलेला. आपल्या गाडीच्या नंबरवर, अगदी मन लावून, तो चिखल थापत होता.